बोगनव्हिलची शांतता कशी जमली आणि स्वातंत्र्य कुठे अडलं

प्रश्न असा आहे: पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाला असलेल्या बोगनव्हिल बेटावर १९८८ पासून जवळजवळ दहा वर्षं सशस्त्र बंड चाललं. मग बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली ती कशाच्या भरवशावर? आणि २०१९ च्या सार्वमतात अख्खं बेट स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहिलं, तरी आज ते स्वतंत्र का नाही?

शस्त्रसंधी आणि शस्त्रसमर्पणाच्या वाटाघाटी कशा बांधायच्या हे शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि वर्गात मी सर्वांत जास्त वेळ बोगनव्हिललाच देतो. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. २००१ च्या करारात स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही. तो निर्णय मुदत घालून पुढे ढकलला गेला. त्या मुदतीमुळे बंदुका खाली आल्या, आणि ती मुदत भरून गेल्यामुळेच आज पेच उभा आहे.

हे समजायला आधी नकाशा पाहा. आपल्या अंगणातल्या बोगनवेलीला ज्या फ्रेंच दर्यावर्दीचं नाव मिळालं, त्याच्याच नावाचं हे बेट. तो १७६८ मध्ये या किनाऱ्याजवळून गेला होता. शेजारचं छोटं बुका बेट धरून क्षेत्रफळ गोव्याच्या साधारण अडीचपट, लोकवस्ती आज तीन लाखांच्या आसपास, भाषा वीसेक. भूगोलाने आणि नात्यागोत्याने हे बेट सॉलोमन द्वीपसमूहातलं. पण १८८६ साली ब्रिटन आणि जर्मनीने पॅसिफिकच्या या भागाची आपसांत वाटणी केली तेव्हा ते जर्मनांकडे गेलं. १८९९ मध्ये जर्मनीने सॉलोमनमधली आपली बाकीची बेटं ब्रिटनला देऊन टाकली, बोगनव्हिल आणि बुका मात्र ठेवून घेतली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने जर्मन न्यू गिनी घेतला आणि ही रेषा तशीच पुढे चालत राहिली. पापुआ न्यू गिनी १६ सप्टेंबर १९७५ ला स्वतंत्र झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी, १ सप्टेंबरला, बोगनव्हिलच्या नेत्यांनी ‘उत्तर सॉलोमन प्रजासत्ताक’ जाहीर केलं होतं. त्याला कोणत्याच देशाने मान्यता दिली नाही, आणि १९७६ मध्ये प्रांतिक सरकारच्या बदल्यात ते मागे घेतलं गेलं. त्यामुळे ‘खाणीतून फुटीरतावाद जन्मला’ असं जे सरसकट लिहिलं जातं, ते अर्धंच खरं आहे. वेगळेपणाची जाणीव आधीपासून होती. खाणीने तिच्या हातात आकडे दिले.

ती खाण म्हणजे बेटाच्या मध्यभागी, डोंगरात असलेलं पांगुना. ऑस्ट्रेलियन प्रशासनाच्या काळात, १९६४ पासून तिथे तांब्याचा शोध सुरू झाला. सरकारचा कायदा म्हणत होता की जमिनीखालचं खनिज सरकारचं. बेटावरच्या बहुतेक समाजांत जमीन आईकडून मुलीकडे येते, आणि ‘वरची जमीन तुमची, खालची आमची’ ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. १९६९ मध्ये किनाऱ्यावरच्या रोरोवाना गावची जमीन बंदरासाठी घ्यायला मोजणीदार आले, तेव्हा त्यांना अडवायला बायका पुढे आल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. त्याची छायाचित्रं ऑस्ट्रेलियाच्या वर्तमानपत्रांत झळकली, काही दिवस गदारोळ झाला, आणि खाण पुढे सरकली. १९७२ मध्ये उत्पादन सुरू झालं. ‘बोगनव्हिल कॉपर लिमिटेड’ या कंपनीची सूत्रं आजच्या रिओ टिंटो समूहाकडे होती आणि सरकारचा वाटा सुमारे एकपंचमांश होता.

नव्या देशाचं आर्थिक पोट या एका खड्ड्यावर भरत होतं. खाण चालू होती त्या वर्षांत देशाच्या निर्यातीचा चाळीस टक्क्यांहून मोठा हिस्सा पांगुनातून येई. सतरा वर्षांच्या उत्पन्नाची वाटणी पाहिली तर साठ टक्क्यांहून जास्त पोर्ट मोर्सबीच्या केंद्र सरकारकडे, सुमारे एकतृतीयांश परदेशी भागधारकांकडे, प्रांताकडे चारेक टक्के, आणि ज्यांच्या जमिनीत खड्डा होता त्यांच्या वाट्याला दीड टक्कादेखील नाही. त्या बदल्यात काय मिळालं? एक अब्ज टनांहून जास्त खाणगाळ कावेराँग आणि जाबा नद्यांत सोडला गेला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या उपसागरापर्यंत पोचला. मासे गेले, नदीकाठची शेती गेली, पाणी पिण्याजोगं राहिलं नाही.

इथे एका गोष्टीवर मी नेहमी थांबतो. खाणीच्या करारात दर सात वर्षांनी फेरविचाराची तरतूद होती. १९७४ मध्ये अटी एकदा बदलल्या. त्यानंतर १९८१ चा फेरविचार केंद्र आणि प्रांत यांचं न जुळल्यामुळे झालाच नाही. कागदावर दार होतं, ते कुणी उघडलं नाही. पुढे जे घडलं त्यातला मोठा भाग त्या टाळलेल्या बैठकीत टळू शकला असता, हे माझं ठाम मत आहे.

१९८७ मध्ये जमीनमालकांच्या तरुण पिढीने जुन्या पुढाऱ्यांना बाजूला सारून नवी संघटना उभी केली. तिच्या अग्रभागी पर्पेटुआ सेरेरो आणि त्यांचा भाऊबंद फ्रान्सिस ओना. ओना स्वतः खाणीत नोकरी केलेला माणूस. मागणी होती दहा अब्ज किना भरपाईची. किना हे तिथलं चलन, आणि ही रक्कम खाणीच्या आजवरच्या एकूण मिळकतीहून कितीतरी मोठी. लोक तिला हास्यास्पद म्हणाले. पण तो आकडा वाटाघाटीसाठी नव्हताच, तो संताप होता, आणि समोरच्याने तो तसा वाचायला हवा होता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये सल्लागारांचा पर्यावरण अहवाल आला. बहुतेक हानीचा खाणीशी संबंध दिसत नाही अशा आशयाचं त्यात ऐकल्यावर ओना बैठकीतून उठून गेला. काही दिवसांतच खाणीतली स्फोटकं चोरीला गेली आणि विजेचे मनोरे कोसळू लागले. १५ मे १९८९ ला खाण बंद पडली. ती आजवर सुरू झालेली नाही.

सरकारने आधी दंगलविरोधी पोलीस पाठवले, मग लष्कर. गावं जाळली गेली, माणसं मारली गेली, आणि भरपाईचं भांडण काही महिन्यांत स्वातंत्र्ययुद्ध झालं. लष्करातून फुटून आलेला, स्फोटकांचं प्रशिक्षण घेतलेला सॅम काओना बोगनव्हिल क्रांतिसेनेचा सेनापती झाला. त्याच्या सैनिकांकडे दुसऱ्या महायुद्धातून जंगलात गंजत पडलेल्या बंदुका होत्या, त्या घासूनपुसून चालवल्या गेल्या; बाकी गावठी बनावटीच्या. १९९० च्या मार्चमध्ये सरकारने लष्कर मागे घेतलं आणि बेटाची नाकेबंदी केली. १७ मे १९९० ला ओनाने स्वातंत्र्य जाहीर केलं.

नाकेबंदीबद्दल लिहिताना लोक तिथल्या माणसांच्या कल्पकतेचं कौतुक करतात. खोबरेल तेलावर गाड्या चालवल्या, खाणीच्या भंगारातून ओढ्यांवर छोटी वीजकेंद्रं उभी केली. हे सगळं खरं आहे आणि कौतुकास्पदही आहे. पण औषधं बंद झाली होती. हिवताप, बाळंतपणं, साध्या लसी न मिळालेली मुलं. मृतांचे अंदाज दहा ते वीस हजारांपर्यंत जातात आणि त्यांतले पुष्कळ गोळीने गेलेले नाहीत. तेव्हाची लोकसंख्या दीड-पावणेदोन लाख होती, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना फार उशिरा कळते. १९९० नंतरचं युद्ध प्रामुख्याने बोगनव्हिलच्या माणसांचं एकमेकांशी होतं. लष्कर गेल्यावर क्रांतिसेनेला राज्य चालवता आलं नाही. तिच्या नावावर टोळ्या लुटालूट करू लागल्या, जुनी जमिनीची वैरं बंदुकीने मिटवली जाऊ लागली. बुकाच्या पुढाऱ्यांनी स्वतःच लष्कराला परत बोलावलं. सरकारच्या बाजूने लढणारे स्थानिक ‘रेझिस्टन्स’ गट उभे राहिले. एकाच घरातला एक भाऊ इकडे, दुसरा तिकडे.

म्हणूनच पहिले सगळे प्रयत्न फसले. १९९० मध्ये न्यूझीलंडच्या ‘एंडेव्हर’ या नौदलाच्या जहाजावर झालेला समझोता, १९९१ चा सॉलोमन बेटांच्या राजधानीतला होनियारा जाहीरनामा, १९९४ ची बेटावरच्याच आरावा शहरातली परिषद: प्रत्येक वेळी पोर्ट मोर्सबी आणि बंडखोर यांच्यात काहीतरी लिहिलं गेलं, आणि बेटावरच्या आपसातल्या वैराला कुणी हात लावला नाही. आरावा परिषदेतून एक महत्त्वाचा माणूस मात्र पुढे आला. थिओडोर मिरिउंग, पेशाने वकील, न्यायाधीश राहिलेले, आधी बंडखोरांच्या बाजूचे. १९९५ मध्ये ते बेटाच्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले आणि दोन्हीकडच्या माणसांशी बोलू लागले. १२ ऑक्टोबर १९९६ ला त्यांची हत्या झाली. चौकशीत बोट लष्कराच्या आणि रेझिस्टन्सच्या माणसांकडे गेलं. मध्यममार्गी माणूस दोन्ही बाजूंना नकोसा होतो, हे मी अनेक संघर्षांत पाहिलं आहे, पण मिरिउंग यांच्याबद्दल वाचताना आजही मन खट्टू होतं.

मग १९९७ उजाडलं. पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी बंड कायमचं चिरडण्यासाठी ‘सँडलाइन’ या ब्रिटिश भाडोत्री सैनिकी कंपनीशी ३ कोटी ६० लाख डॉलरांचा करार केला. देशाचे लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनीच त्याविरुद्ध उभं राहून मार्च महिन्यात त्या भाडोत्र्यांना ताब्यात घेतलं आणि देशाबाहेर काढलं. पोर्ट मोर्सबीत लोक रस्त्यावर आले, चॅन पायउतार झाले आणि पुढच्या निवडणुकीत स्वतःची जागाही हरले. लष्करी विजयाचा शेवटचा पर्याय सरकारच्या हातातून असा गेला. बंडखोरही थकले होते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी थकवा येणं, हा योग बाहेरून जुळवून आणता येत नाही. त्या वेळी तयार असणं तेवढं आपल्या हातात असतं.

न्यूझीलंड तयार होतं. परराष्ट्रमंत्री डॉन मॅकिनन यांनी क्राइस्टचर्चजवळच्या बर्नहॅम लष्करी तळावर जुलै १९९७ मध्ये बैठक भरवली. तिचं शहाणपण असं, की या पहिल्या फेरीत फक्त बोगनव्हिलची माणसं एकमेकांसमोर बसली. क्रांतिसेना आणि हंगामी सरकार, लढलेले आणि त्यांच्याविरुद्ध लढलेले. यजमानांनी जेवणखाण, थंडीचे कपडे आणि निवांतपणा दिला, मसुदे पुढे केले नाहीत. ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी झाली आणि तिथे पोर्ट मोर्सबीबरोबर युद्धविराम ठरला. जानेवारी १९९८ मध्ये न्यूझीलंडमध्येच लिंकन इथे झालेला करार, आणि ३० एप्रिल १९९८ पासून कायमची शस्त्रसंधी.

या वाटेवर बायका नसत्या तर बर्नहॅम झालंच नसतं. लढाई चालू असताना चर्चच्या महिला मंडळांनी गुपचूप औषधं आणि कपडे पोचवले, जंगलात चालत जाऊन मुलांना आणि भाच्यांना परत बोलावलं, मोर्चे काढले. सिस्टर लोरेन गारासू यांच्यासारख्या ख्रिस्ती नन्सनी आणि लेइताना नेहान या महिला संस्थेने हे काम वर्षानुवर्षं केलं. जमीन आमच्या कुळातून चालते, म्हणून तिच्याबद्दलच्या निर्णयातही आम्ही असलो पाहिजे, असं त्यांनी लिंकनमध्ये लेखी मांडलं. तरीही औपचारिक टेबलावर त्यांच्या वाट्याला आलेल्या खुर्च्या मोजक्याच होत्या. आज बेटाच्या विधिमंडळात स्त्रियांसाठी तीन राखीव जागा आहेत आणि माजी सैनिकांसाठीही तीन. केलेल्या कामाच्या मानाने ही पावती मला फार तोकडी वाटते.

देखरेखीला आलेले परदेशी पथक निःशस्त्र होतं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी, व्हानुआटू इथली माणसं, अंगात पिवळे सदरे. ऑस्ट्रेलियाने पूर्वी दिलेल्या हेलिकॉप्टरांतून बेटावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, त्यामुळे ऑस्ट्रेलियन सैनिक बंदुकीसह उतरला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. बंदूक नसल्यामुळे त्या पाहुण्यांच्या जिवाची जबाबदारी गावांवर आली आणि गावांनी ती पाळली. सोबत गावोगावी समेटाचे विधी चालू होते. डुकरं आणि शंखमाळा दिल्या जात, धनुष्यबाण मोडले जात, कालपर्यंतचे शत्रू एकत्र बसून सुपारी चघळत. हे विधी करारानंतरचा सोहळा म्हणून झाले नाहीत. आधी ते झाले, म्हणून पुढचा करार टिकला.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो: ३० ऑगस्ट २००१ ला आरावात सह्या झालेला करार. बंडखोरांना लवकर आणि बंधनकारक सार्वमत हवं होतं, सरकारला सार्वमताचं नावही नको होतं. डिसेंबर २००० मध्ये ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर डाउनर यांनी सुचवलेल्या मधल्या वाटेने गाठ सुटली. सार्वमत होईल, स्वातंत्र्याचा पर्याय त्यात असेल, पण ते स्वायत्त सरकार आल्यावर दहा ते पंधरा वर्षांनी; आणि निकालावर दोन्ही सरकारं सल्लामसलत करतील, अंतिम शिक्का राष्ट्रीय संसदेचा. तोवर स्वायत्तता आणि शस्त्रसमर्पण.

या तीन गोष्टी एकमेकींत अडकवल्या होत्या, आणि कसब तिथेच आहे. शस्त्रं आधी सेनानायकांकडे जमा झाली, मग ती मोठ्या लोखंडी कंटेनरमध्ये ठेवली गेली. त्यांना दोन कुलुपं: एक किल्ली स्थानिक सेनानायकाकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकाकडे. एकट्याला कुणालाच उघडता येणार नाही. संसदेने २००२ मध्ये घटनादुरुस्ती केली, पण ती अंमलात यायची अट अशी होती की शस्त्रं कुलुपात गेल्याची खात्री संयुक्त राष्ट्रांनी आधी द्यावी. लष्कराची माघारही पायरीपायरीने. ‘आधी तुम्ही’ या वादात जगातले किती करार बुडाले आहेत! इथे प्रत्येक पायरीवर दोघांनी थोडं थोडं दिलं, आणि प्रत्येकाच्या देण्याने दुसऱ्याचं देणं सुरू झालं. सुमारे दोन हजार हत्यारं अशी गोळा झाली आणि पुढे नष्ट केली गेली.

सगळी नव्हे. ओना या प्रक्रियेत कधीच आला नाही. पांगुनाभोवती त्याच्या माणसांनी नाकी बसवली आणि तो भाग करारातल्या अधिकाऱ्यांना बंद राहिला. २००५ मध्ये स्वायत्त सरकार आलं, जुने बंडखोर नेते जोसेफ काबुई अध्यक्ष झाले, आणि काही आठवड्यांतच ओना हिवतापाने गेला. प्रमुख बंडखोराला वगळून शांतता होते का, असं मला नेहमी विचारतात. बोगनव्हिलमध्ये झाली, कारण त्याला कुणी देशद्रोही ठरवून मारायला गेलं नाही आणि दार उघडं ठेवलं. त्याची किंमत म्हणून दक्षिणेत आणि मध्यभागी काही बंदुका मात्र राहून गेल्या.

कराराची खरी उणीव मला दुसरीकडे दिसते. दोन्ही बाजूंना माफी मिळाली. बलात्कार झालेल्या बायकांना, बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांना न्यायालय किंवा सत्यशोधन मंडळ मिळालं नाही. समेटाचे विधी कुळाकुळांत झाले, आणि त्यात अनेकींचं दुःख कुणी उच्चारलंच नाही. शांततेसाठी माफी द्यावी लागली हे मला मान्य आहे. पण वीस वर्षांनंतरही हाडं कुठे पुरली हे घरच्यांना सांगितलं जात नसेल, तर ते मान्य करण्याजोगं नाही.

सार्वमत २३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१९ दरम्यान झालं. आयोगाचे अध्यक्ष आयर्लंडचे माजी पंतप्रधान बर्टी अहर्न होते. स्वातंत्र्य १,७६,९२८ मतं, अधिक स्वायत्तता ३,०४३. शांतपणे, गाणी म्हणत, रांगा लावून लोकांनी मतं दिली. पुढच्याच वर्षी क्रांतिसेनेचे माजी सेनानायक इश्माएल तोरोआमा अध्यक्ष झाले, आणि २०२५ मध्ये पुन्हा निवडून आले. एप्रिल २०२२ च्या समझोत्यात ठरलं की तोडगा २०२५ च्या आधी नाही आणि २०२७ च्या पुढे नाही. बोगनव्हिलच्या नेत्यांनी आता १ सप्टेंबर २०२७ ही तारीख धरली आहे, १९७५ च्या त्याच दिवसाची.

म्हणजे ‘अजून स्वतंत्र का नाही’ याचं कायदेशीर उत्तर सोपं आहे: निकाल बंधनकारक नव्हता आणि संसदेचा शिक्का बाकी आहे. किती बहुमत लागेल, साधं की दोनतृतीयांश, यावरच वर्षं गेली. पोर्ट मोर्सबीची भीती मला समजते. शेकडो भाषांचा, डोंगराळ, सैल बांधलेला देश. एक प्रांत गेला तर इतर काय मागतील? पण २००१ मध्ये बंधनकारक नसलेलं सार्वमत बंडखोरांनी स्वीकारलं, ते संसद लोकांचा कौल गांभीर्याने घेईल या समजुतीवर. त्या कलमाचा उपयोग निकाल कायमचा टांगून ठेवायला करणं म्हणजे शस्त्रं देणाऱ्यांची फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणतो.

आर्थिक बाजू अधिक अवघड आहे. बेटाचं स्वतःचं उत्पन्न खर्चाच्या मानाने फार थोडं, म्हणून नजर पुन्हा पांगुनाकडे वळते. रिओ टिंटोने २०१६ मध्ये आपले समभाग दोन्ही सरकारांना देऊन अंग काढून घेतलं. रहिवाशांच्या तक्रारीनंतर झालेल्या स्वतंत्र पाहणीचा अहवाल २०२४ च्या अखेरीस आला आणि नदीकाठची माणसं आजही धोक्यात जगत असल्याचं त्याने नोंदवलं. नद्या साफ करण्याआधी खाण उघडायची घाई झाली, तर १९८८ चं भांडण या वेळी बेटाच्या स्वतःच्या सरकारविरुद्ध होईल.

पुन्हा युद्ध होईल का? नजीकच्या काळात मला तसं वाटत नाही. आज सत्तेवर असलेल्यांनी युद्ध पाहिलं आहे आणि २०२५ च्या जूनमध्ये दोन्ही सरकारं वाटाघाटीसाठी पुन्हा बर्नहॅमलाच जाऊन बसली. काळजी तरुणांची आहे, ज्यांनी नाकेबंदी भोगलेली नाही. माझा सल्ला विचाराल तर संसदेतल्या मतदानाआधी दोघांनी मिळून चलन, नागरिकत्व, मासेमारीच्या परवान्यांचं उत्पन्न, पापुआ न्यू गिनीच्या इतर भागांत नोकरी करणाऱ्या बोगनव्हिलकरांची निवृत्तिवेतनं, हे सगळं कागदावर आणावं. आणि संसद ‘नाही’ म्हणाली तर पुढची बैठक कुठे, कधी आणि कुणाच्या मध्यस्थीने, हेही त्याच कागदात लिहावं. २००१ चा करार सगळीकडे पायरीपायरीने बांधलेला आहे. नकारानंतरची पायरी मात्र त्यात स्पष्ट लिहिलेली नाही.